पौषातली उन्हाळी

कसबा बावड्याच्या जोतीरामला ऐन पौषात उन्हाळी लागली. लघवीला गेला की आतून आग व्हायची, दात खाऊन भिंत धरायचा. बाहेर उसाच्या फडावर धुकं बसलेलं, माणसं कानटोपी काढायला तयार नाहीत, आणि ह्याला उन्हाळी! पण त्याची आई बायडाबाई हिनं धने-जिरे भिजत घातले आणि सकाळी तांब्याभर पाणी त्याच्या हातात दिलं.

"दुधाच्या टँकरवर मुंबईपातूर इंजिनाशेजारी बसतंय लेकरू," ती सुनेला म्हणाली. "धग बाधणारच की."

सुनेच्या, अनुजाच्या मनात मात्र पाल चुकचुकली होती. लग्न झाल्यापासून स्वतःचा रुमालसुद्धा न धुतलेला हा माणूस आता न्हाणीला कडी लावून आपली चड्डी धूत होता. कंबर धरली म्हणून अंथरूणही बाहेर सोप्यात नेलं होतं. कंबर धरलेला माणूस वाकून कपडे धुतो?

मग एका दुपारी तो शहरात जाऊन आला, तो जरा हलक्या चेहऱ्यानं. आणि संध्याकाळी त्यानं नवलच केलं. स्वतः गॅसपाशी उभा राहून बायकोसाठी बदामाचं दूध केलं.

"घे. लई राबतीस."

अनुजानं पेला हलवून बघितला. तळाशी पांढरा चुरा फिरत होता. वासही औषधासारखा.

"तुम्ही घ्या की अर्धं."

"मला नको. तुझ्यासाठी केलंय."

"आज काय इशेष?"

"बायकूला दूध द्यायला मुहूर्त बघायचा व्हय?"

बायडाबाई चिडली. "अगं, नवरा हातानं करून देतोय आन् तू पोलिसावाणी चौकशी करतीस! आमाला कुणी पाणी इचारलं न्हाय."

"मग तुम्हीच घ्या, आत्ती."

बायडाबाईनं पेला ओठाला लावला, तोच जोतीराम झेपावला.

"आई, नको!"

अर्धं दूध तिच्या लुगड्यावर सांडलं.

"इख हाय का त्यात?" अनुजानं विचारलं.

"इख कसलं! औषध हाय. डाक्टर म्हणाला, दोघांनीबी घ्यायचं."

"मला काय झालंय?"

जोतीराम पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. लुगडं पिळणारी बायडाबाई थांबली. जुनं माणूस, तिच्या ध्यानात आलं.

"परमा," ती म्हणाली. "उन्हाळी न्हवं ही. कुठं शेण खाल्लंस रे?"

"एकदाच, आई. पनवेलच्या अलीकडं."

"मला कशाला सांगतोस? तिला सांग."

अनुजाला ते 'एकदाच' ऐकू आलं, पण पटलं नाही. दिवाळीपासून तिच्या ओटीपोटात कळ यायची. काम जास्त झालं म्हणून ती गप्प बसली होती. मग हे एकदाचं कधीपासूनचं?

सकाळी ती सरकारी दवाखान्यात गेली. जोतीराम मागोमाग गाडी घेऊन आला, पण तिनं त्याला बाहेरच बसवलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, नमुने घेतले. दुधाचं ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"न विचारता औषध पाजतात का कुणी? बाधलं असतं म्हणजे? परम्याबरोबर दुसरेही जंतू असतात कधीकधी. पुरुषाला जळजळ होते, पू जातो, म्हणून कळतं. बाईला पुष्कळदा काहीच कळत नाही आणि आत पिशवीपर्यंत पोचतं. तुमची कळ त्यामुळं असू शकते. पुढं मूल राहायला अडचण होते."

अनुजानं पदर घट्ट धरला. "आता न्हाय राहणार?"

"असं कोण म्हणालं? पण औषध पुरं घ्यायचं. दोघं बरी होईपर्यंत जवळ यायचं नाही."

"बाई, ह्यांनी गोळ्या खरंच घेतल्यात का, ते लघवीत कळतं?"

"नाही कळत."

"आन् परत कुठं जाऊन आले, तर?"

"तसं नाही कळत. परत लागण झाली आणि तपासलं, तरच." बाईंनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. "पुन्हा बोलावते दोघांना."

बाहेर जोतीराम गाडीला टेकून उभा होता. "काय म्हणाल्या?"

"पुन्यांदा तपासणीला तुम्हीबी यायचंय. त्याच्याआधी टँकरवर जायचं न्हाय."

"अगं, नोकरी हाय माझी! माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?"

अनुजानं औषधाची पिशवी छातीशी धरली. त्यानं किक मारून गाडी चालू केली, मागची सीट हातानं पुसली. ती केएमटी बसच्या थांब्याकडं चालू लागली होती.