डाव्या हाताचा कान

कान… लाकडाचा, बोटाच्या पेराएवढा, पिंपळाच्या कोवळ्या पानासारखा टोकाशी जरा मुडपलेला — असा एक कान तुमच्या चिमटीत आहे अशी कल्पना करा, बाळांनो. डोळे मिटलेत तरी चालेल, कारण गोकुळाचंही लक्ष त्या वेळी दुसरीकडेच होतं. समोर आरमोरीचा बाजार भरत होता. उद्या पोळा, परवा तान्हा पोळा. आणि लाकडाचा बैल दोरीने ओढत घरोघर जायचं म्हणून उतावीळ झालेली पोरं बापाचा हात धरून चिंचेखालच्या सुतारांच्या रांगेकडे येत होती. रांगेत आपले बैल विकायला बसलेली गोकुळा त्यांच्याकडे बघत होती, मांडीवरच्या बैलाच्या कानातून तिचं बोट आपलं आपण फिरत होतं… आणि फिरता फिरता थांबलं.

हा कान माझा नाही.

तिने खाली पाहिलं. बैल तिचाच होता. पाठीवरची ती लाकडाची गाठ चुन्याच्या पांढऱ्या थरातूनही उठून दिसत होती. या गाठीने तिला दोन दिवस छळलं होतं. सगळ्यात शेवटी केलेला हा बैल, हात चांगला बसल्यावरचा. मान डावीकडे वळलेली, तिच्या सगळ्याच बैलांची वळते तशी — म्हणजे तिचाच, दुसऱ्या कुणाचा असणार? पण कान… तिने पुन्हा बोट फिरवलं. उजवा कान ठीक होता, पटाशी एका दमात वरून खाली आलेली. डाव्या कानात मात्र पटाशी अडखळली होती. थोडी आली, थांबली, परत आली, जशी एखादा नवशिका चालवतो. आणि तरी वळण तेच! तिच्यासारखंच, उलट्या बाजूने घेतलेलं, डावऱ्या हाताचं. पण आरमोरीत डाव्या हाताने हत्यार चालवणारं तिच्याशिवाय होतं कोण?

तिचा तो डावा हात. लहानपणी जेवायला बसली की आजी तो लुगड्याच्या काठाने पाठीशी बांधून टाकायची — अन्नाला लागू नये म्हणून. मग सासरी तिने तो आपणहून पदराखाली ठेवायला सुरुवात केली. पण एका दुपारी नवरा, पत्रू, झोपला असताना त्याची पटाशी तिने उचलली, ती त्याच हाताने. आणि लाकूड असं गुपचूप सोलत गेलं, जसं काही ते वाटच बघत होतं… पत्रूने जागं होऊन पाहिलं. ओरडला नाही. हसला. पुढे तो बल्लारशाला कागदाच्या कारखान्यात लागला तेव्हा हत्यारांची पेटी तिच्यासमोर ठेवून म्हणाला, "मले आता याच्यात जीव नाई. तुले असन तर पोळ्यापर्यंत करून पाह्य. नाई जमलं तं हत्यारं विकू अन् तिकडंच राहू."

उद्या तो चांद्याच्या मोटारीने येणार होता. येऊन विचारणार होता — जमलं का? आणि सकाळपासून गोकुळाकडे उत्तर तयार होतं. जमलं. गिऱ्हाइकं तिचे बैल उचलत होती, मुलं डावीकडे बघणाऱ्या मानेवर खूश होती… उत्तर तयार होतं, या कानापर्यंत.

तिने मांडलेला एकेक बैल उचलून पाहिला. सगळे कान तिचेच. फक्त हा एक नाही. मग ती रांगेच्या टोकाला गेली, जिथे दादाजी गेरूच्या आणि काजळाच्या वाट्या घेऊन बसत. सगळ्या सुतारांचे बैल रंगाला त्यांच्याच पडवीत जात. काजळाने बैलांचे डोळे काढावेत तर दादाजींनीच.

"दादाजी, हा कान कोणी केला?"

"मी रंग देतो, बाई. कानाचं मले काय मालूम?" त्यांनी कुंचला वाटीत बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. "चिरला होता तो. आडव्या रेषेचं लाकूड घेतलं होतंस तू. तू तिकडे रोवणीले गेली होती, धान लावाले… आता जाय ना, गिऱ्हाईक उभं हाय तुझं."

"पण कोणी—"

"लोक विचारते का तुले, डोळे कोणी काढले म्हणून? नाई ना? मंग?"

असं म्हणताना त्यांची नजर क्षणभर रांगेच्या मधोमध गेली आणि घाईने परत आली. तिथे लटारूभाऊ बसले होते, रांगेतले सगळ्यात जुने सुतार, गुडघ्यावर हात टाकून. त्यांच्या उजव्या अंगठ्याला चिंधी होती.

ती चिंधी सकाळीच सगळ्यांनी पाहिली होती. गोकुळानेही विचारलं होतं, "काय झालं, भाऊ?" तर म्हणाले, "कोंबड्यानं टोचलं." शेजारी सुपं-टोपल्या मांडून बसलेली शकुबाई बुरडीण त्यावर अशी हसली की तिच्या मांडीवरच्या बांबूच्या कामट्या खाली सांडल्या. "आज बैलाचे खांदे शेकाचा दिवस, लटारूभाऊ! आणा इकडे, हळद-लोणी लावून तुमचा आंगठाही शेकून देतो!" सगळी रांग हसली होती. गोकुळासुद्धा.

आता ती हसली नाही. सुताराला लागतं ते लाकूड धरणाऱ्या हाताला. लटारूभाऊंचा डावा हात जुन्या वणांनी भरलेला होता, पण उजवा… उजव्या अंगठ्यावर इतक्या वर्षांत तिने ओरखडा पाहिला नव्हता. पटाशी त्याच हातात असायची ना. मग त्या अंगठ्याला पटाशी लागली, याचा अर्थ ती त्या वेळी दुसऱ्या हातात होती.

तुमच्यापैकी जे उजव्या हाताने लिहितात त्यांनी आत्ता पेन्सिल डाव्या हातात घ्या आणि आपलं नाव लिहून बघा. कसं वाटतं? अक्षरं घरंगळतात, हात परक्याचा वाटतो. तसा हात घेऊन तो म्हातारा दादाजींच्या पडवीत बसला असेल… कुणी बघू नये म्हणून पाठ करून, ओठ चावत. गेल्याच वर्षी एका शेठने शहरातला नंदी आणून दिला होता, हुबेहूब असाच करा म्हणून. लटारूभाऊंनी तो त्याच्या हातात परत ठेवला होता. "दुसऱ्याचा हात मी चालवत नाई, शेठजी." तोच हा माणूस.

आणि ती बैल घेऊन बाजारात आली त्या पहिल्या दिवशी हाच तिचा बैल उलटासुलटा करून भर बाजारात ओरडला होता, "काऊन वो गोकुळा, तुझे बैल सारे डावीकडे पाहून राह्यले? तिकडे कोणाचं धान चराचं हाय?" तिचं तोंड उतरलं होतं. पण लगेच त्याने आपलं पोतं सरकवलं होतं. "इथी मांड. आमच्याच रांगीत. वेगळी बसशीन तं लोकाले वाटन बाहेरगावची हाय."

पहिल्यांदा तिला रागच आला. मला न विचारता? चिरला होता तर मला द्यायचा, मी केला असता पुन्हा. आता पत्रूला काय सांगू — जमलं, पण एक कान दुसऱ्याचा? रांगेत बसवून घेतलं ते काय माझ्या चुका अशा झाकायला? उजव्या हाताने कोरून दिला असता तरी चुन्याखाली कुणाला कळणार होतं… कुणालाच नाही. फक्त मला.

फक्त मला. मग एवढा त्रास त्याने कुणासाठी घेतला?

ती तिथेच उभी राहिली, आणि रांग तिला हळूहळू वेगळी दिसायला लागली. बैलांसाठीची ही शिवणीच्या झाडाची खोडं दादाजींच्या बांधावरची. बैलांच्या चाकांच्या खुंट्या शकुबाईच्या बांबूच्या. लाकूड तासायच्या वाकसाला धार लावायला शिकवलं ते याच म्हाताऱ्याने, शिव्या देत देत. त्याच्या स्वतःच्या बैलांचे डोळे तरी त्याचे कुठे होते? लहानपणी आजीने तो हात बांधला होता. आणि आज कुणीतरी आपला चांगला, नावाजलेला हात बाजूला ठेवून तिच्या त्या हाताची नक्कल केली होती — चुकत, रक्त काढून घेत. वाईटच जमली होती. जाऊन बोलावं का? पण काय बोलणार? बोललं तर ती चिंधी सगळ्यांसमोर सोडल्यासारखं होईल… आणि पत्रू? उद्याचं उत्तर तिला अजूनही नीट सुचत नव्हतं. पण 'जमलं' हा शब्द सकाळी एकट्या तिचा होता, तो आता तसा राहिला नव्हता. आणि त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं.

"हा देता का, बाई?" एका बापाने तिच्या हातातल्या बैलाकडे बोट केलं.

"हा नाही," ती म्हणाली. "बाकीचे पाहा."

तिने तो बैल मागे, पोत्यावर ठेवला. तिथे तिची सहा वर्षांची मुलगी भागीरथा लाकडाच्या सालींचं घर करत बसली होती. तिने बैलाकडे पाहिलं, आईच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बैल काखेत मारून रांगेतून पळत सुटली.

"भागीरथा!"

पोरीने ऐकलं नाही. लटारूभाऊंच्या मांडणीतला एक बैल तिने न विचारता बाहेर काढला आणि त्याच्याशेजारी आईचा ठेवला. एक उजवीकडे बघणारा, एक डावीकडे.

"ए पोट्टी, काय करून राह्यली?" लटारूभाऊ म्हणाले.

"जुपून राह्यली."

शकुबाईच्या ढिगातून तिने एक कामटी उचलली, दोन्ही मानांवर जुवासारखी आडवी ठेवली, दोन्ही दोऱ्यांना एक गाठ मारली, आणि दोरीचं टोक लटारूभाऊंच्या त्या चिंधीच्या हातात दिलं.