कवळीऐवजी विमान

आमचे हे कवळीचं माप द्यायला नौपाड्यात गेले आणि विमान घेऊन आले.

असं सांगितलं की लोक हसतात. हसा. मला त्या दिवशी हसू आलं नव्हतं. मी भाकरीचं पीठ मळत होते. दार वाजलं, उघडलं, तर धोंडीबाराव समोर उभे. छातीशी एक पांढरा खोका असा धरलेला, की बाई बाळंत होऊन प्रसूतिगृहातून घरी आली असावी.

मी म्हटलं, "कवळी एवढ्या मोठ्या खोक्यात देतात? कोणाच्या तोंडाची आहे?"

यांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि खोका नेऊन देवासमोर ठेवला. लग्न झाल्यापासून ह्या माणसानं स्वतःहून देवासमोर उदबत्तीसुद्धा ठेवलेली नाही.

"ड्रोन आहे," म्हणाले.

"म्हणजे काय?"

"लहान विमान. कॅमेरा आहे त्याला. वर जातं, वरून दिसतं."

"काय दिसतं?"

"जे आहे ते."

"जे आहे ते मला खिडकीतून दिसतं. फुकट. आणि दात?"

"दातांचं नंतर बघू. भाकरी दुधात कुस्करून खातोच ना मी."

ह्या घरात जे आलं ते मला विचारून आलं. फ्रीज मला विचारून आला, घरघंटी मला विचारून आली, सून मला विचारून आली. विठ्ठलवाडीला ही खोली घेतली तेव्हा बिल्डरसुद्धा यांच्याशी बोलून मग माझ्याकडे बघायचा. आणि कंपनीतून रिटायर होऊन दोन वर्षं गप्प बसलेला माणूस तोंडातल्या दातांचे पैसे एका मोठ्या डासावर घालून आला.

"कशासाठी लागतं ते?" मी विचारलं.

"कशासाठी नाही. हौस."

हौस! आमच्या घरात हौस फक्त लग्नात करतात, तीही पाहुण्यांना दाखवायला.

संध्याकाळी सर्वेश कामावरून आला. म्हटलं, हा तरी बापाला दोन शब्द सुनावेल. सुनावले, पण कसले? "बाबा, आधी खेळण्यातला घ्यायचा असतो. तो चार वेळा आपटायचा, मग खरा घ्यायचा." म्हणजे ह्याला आपटायचं दुःख नाही, महाग आपटायचं दुःख. मग बिल हातात घेऊन बघत बसला. मला म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊस. आठ दिवसांत परत घेतो तो दुकानवाला. फक्त जसा नेला तसा द्यायचा."

"ऐकलंत?" मी यांना म्हटलं. "जसा नेला तसा. रविवारी दोघं जाऊ. विमान परत, आणि समोरच दाताचा दवाखाना आहे, तिथं माप."

"बरं," म्हणाले.

एवढ्या लवकर 'बरं' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. साधी कोथिंबीर आणायला सांगितली तरी आधी हं हं करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मागेमागे स्वयंपाकघरात. "रंगू, परत तर द्यायचाच आहे तो."

"द्यायचाच आहे."

"नाही, मी म्हटलं, घरात मोटरची वस्तू आली आणि तशीच बिनपूजेची ठेवलीय. मला काय, मी नाही मानत एवढं. पण समोरची शकू जिन्यात विचारत होती, पूजा झाली का म्हणून."

आता ह्यात माझं काय चुकलं ते सांगा. सर्वेशची मोटारसायकल आली, तिची पूजा केली. मिक्सर आला, त्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय मी चटणी वाटली नाही. पाण्याच्या पंपाला नारळ फोडणारी ह्या बिल्डिंगमध्ये मी एकटी, आणि तो पंप अजून चालतोय. मग शकूनं अख्ख्या जिन्यात बोंब मारायची का, की रंगूबाईच्या घरात वस्तू आली आणि कोरडीच गेली? दोन दिवसांचा का असेना, पाहुणा तो पाहुणा.

पाट मांडला. लाल कापड टाकलं. यांनी तो प्राणी खोक्यातून काढला, त्याचे चार पाय ताणून उघडले आणि हातात धरून बसले. मी लिंबू घेतलं.

"चाकं कुठायत?"

"चाकं नसतात त्याला."

"मग लिंबू कशाखाली ठेवू? उतरतो कशावर?"

"पोटावर."

"तुमच्यासारखाच आहे."

लिंबू-मिरची तरी बांधू म्हटलं, तर सर्वेश आतून ओरडला, "आई, नको! त्याचं वजन अडीचशे ग्रॅमच्या आत आहे, म्हणून चालवायला लायसन लागत नाही. लिंबू बांधलंस तर लागेल!"

म्हणजे हे एवढं विमान, आणि त्याला एक लिंबू झेपत नाही. ठेवून दिलं लिंबू, वरणाला झालं.

मग मी कुंकू ओलं केलं आणि पाठीवर स्वस्तिक काढलं. चारी पायांना हळद, कुंकू, अक्षता. नारळ फोडून पाणी शिंपडलं. यांचं लक्ष इतकं, की मला कौतुक वाटलं. ज्या माणसाला आरतीत टाळी कधी वाजवायची कळत नाही, तो विमान उलटंपालटं करून मला दाखवतोय. "इथं लाव. पोटाला पण लाव की. अगं, हा डोळा राहिला." मी कॅमेऱ्याच्या डोळ्यालाही बोट लावलं. पंख्यांच्या खाली चिमूट चिमूट हळद सोडली. अर्धवट काम मला चालत नाही.

शनिवारी म्हणाले, परत द्यायच्या आधी एकदा सुरू करून बघायला पाहिजे, नाहीतर दुकानवाला म्हणेल, बिघडवून आणला. सर्वेशनं मोबाईलच्या नकाशात कुठं उडवायची परवानगी आहे ते बघितलं, आणि आम्ही बिल्डिंगमागच्या मैदानात गेलो. मी त्या विमानासाठी गेले नाही. हे पडले, धडपडले तर उचलायला कोण आहे, म्हणून गेले. शकू न बोलावता आली आणि फोटो काढायला सगळ्यात पुढं उभी राहिली.

पंखे फिरले. विमान उडायच्या आधी हळद उडाली. मग अक्षता. सगळ्या शकूच्या तोंडावर.

"अगं बाई, रंगूताई!" शकू डोळे चोळत म्हणाली. "माझं परत लग्न लागलं की!"

"नवरा कोण, ते तरी बघून घे," मी म्हटलं.

तेवढ्यात तो वर गेला. हजार माश्या एकदम घोंगावाव्यात तसा आवाज. वर, अजून वर, मग ठिपका. आणि हे कुठं बघत होते? वर नाही. हातातल्या मोबाईलमध्ये. तीस वर्षं खाली मान घालून लेथ मशीन चालवली, आता विमान आकाशात आणि यांची मान परत खालीच. एवढ्यासाठी दात घालवले!

"रंगू, बघ ना. सगळं लाल लाल दिसतंय."

"माझं कुंकू आहे ते. मला काय करायचंय बघून?"

"आपली गच्ची बघ. तुझी गोधडी वाळतेय."

"ती मीच टाकलीय. मला माहीत आहे."

आणि मग हे हसले. आता तुम्हाला म्हणून सांगते. पुढचे दात पडल्यापासून हे हसतात तेव्हा तोंडावर हात धरतात. माझ्यासमोर, सर्वेशसमोर, एकटे टीव्ही बघतानासुद्धा. पण मोबाईल अडकवून ते विमान चालवायच्या यंत्राला दोन्ही हात लागतात. तोंड सताड उघडं, अख्खं बोळकं दिसतंय, आणि शेजारीपाजारी उभे असताना हा माणूस खदाखदा हसतोय. मी पदर नीट केला आणि म्हटलं, "उतरवा आता. बॅटरी काय फुकट येते?"

रविवारी नौपाड्यात गेलो. रिक्षात खोका मांडीवर घेऊन हे गप्प. मीही गप्प. जिंकणाऱ्यानं फार बोलू नये.

दुकान काचेचं, गार. काउंटरमागे चष्मेवाला तरुण मालक, पुस्तकात छापतात तसलं मराठी बोलणारा. छातीवर नाव लावलेलं, सर्वेश बरोबर नव्हता, पण एवढं मला वाचता येतं. स्वानंद.

"परत घेता का हो? आठ दिवस झालेले नाहीत," मी म्हटलं.

"अवश्य काकू. बसा ना. काही अडचण आली का?"

"अडचण एकच. हा घरात आला."

त्यानं हसत खोका उघडला. मग हसायचा थांबला. विमान बाहेर काढून दिव्याखाली धरलं.

"काकू, हे लाल काय आहे?"

"मराठी माणूस ना तुम्ही? कुंकू ओळखत नाही?"

"ओळखतो. ड्रोनवर पहिल्यांदाच पाहतोय."

त्यानं विमान हळूच तिरकं केलं. काउंटरच्या काचेवर एक अक्षता पडली. टक. मग अजून दोन. टक, टक. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं बघायला लागली.

"मोटरमध्ये हळद गेलेली आहे," तो म्हणाला. "आणि हा खालचा सेन्सर. जमीन किती अंतरावर आहे, ते ह्याला यामुळे कळतं. यावर कुंकू वाळलंय."

"तरी नीट उतरला तो. माझ्या कुंकवानं आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही."

"तसं म्हणत नाही मी. पण हा आता मला नवा म्हणून विकता येणार नाही."

"नवा म्हणून विकू नका. पूजा केलेला म्हणून विका. चार पैसे जास्त घ्या."

"काकू, खरंच सांगतो, एकदा उडवून आणला असतात तरी मी घेतला असता. फक्त पूजेच्या आधी आणायला हवा होतात."

मी यांच्याकडे बघितलं. हे छताच्या पंख्याकडे बघत होते.

आमच्या यांना खोटं बोलायचं असलं की पंख्याकडे बघतात. घरचा असो, दुकानातला असो. आणि माझ्या कानात एकदम ते सगळं वाजलं. इथं लाव. पोटाला पण लाव की. अगं, हा डोळा राहिला. जसा नेला तसा द्यायचा, हे सर्वेश बोलला आणि मीच यांना परत ऐकवलं, तेव्हा मला वाटलं, ते मनावर घेणारी मी एकटी. हा मुका बाप्या बसून सगळं ऐकत होता! संसारात इतकी वर्षं ज्याला मी बाजारातून नीट भेंडी निवडून आणता येत नाही म्हणत आले, त्यानं माझ्याच हातानं, माझ्याच कुंकवानं, माझ्याच देवासमोर मला गुंडाळलं.

तिथंच यांची हजेरी घ्यावी, असं तोंडावर आलं होतं. पण मग त्या चष्मेवाल्याला कळलं असतं, की रंगूबाईला नवऱ्यानं फसवलं. ते मी ह्या जन्मी होऊ दिलं नसतं.

"परत द्यायला आलोय असं कोण म्हणालं?" मी म्हटलं.

"काकू, आत्ताच तुम्ही..."

"मी विचारलं, परत घेता का. तुमच्या दुकानाचा शब्द कसा आहे, ते बघत होते. बघितलं. आता तो डोळा पुसून द्या, मोटर साफ करून द्या, आणि जादा बॅटरी दाखवा. एका बॅटरीत काय होतंय? वर गेला न गेला, की खाली."

पंख्याकडची मान एकदम खाली आली. "रंगू?"

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला खरेदीतलं काय कळतं?"

बॅटरी घेतली, भिशीतून आलेलं सगळं पाकीट रिकामं करून. पिशवी मागून घेतली, ती पण कापडी. मग समोरच्या दवाखान्यात यांना दंडाला धरून नेलं. सुटका नव्हती. डॉक्टरीणबाईंनी यांच्या तोंडात मापाचा तो लगदा भरला, म्हणाल्या, आता हलायचं नाही, बोलायचं नाही. मी खुर्ची ओढून जवळ बसले.

"इथं लाव, काय? पोटाला पण लाव, काय? शकू जिन्यात विचारत होती? शकूनं काय विचारलं, ते मी शकूला विचारणार आहे. डोळा राहिला म्हणे! राहिलेत तुमचे दात, ते बघा. दुधात कुस्करून खाता? आजपासून भाकरी मीच कुस्करणार, आणि बघते दूध किती मिळतं."

"काकू, पेशंटला हलवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी हात तरी लावलाय का? ते हसतायत."

माप दोनदा घ्यावं लागलं.

कवळी यायला वेळ आहे, तिचे पैसेही तेव्हाच द्यायचेत. तोवर मऊ भात करतेय, म्हणजे मला दुसरं काही करायला सवड नाही म्हणून. पुढच्या रविवारी परत मैदानात गेलो. ह्या वेळी शकू लांब उभी होती, ओढणी तोंडावर घेऊन. विमान वर गेलं. बॅटरी माझ्या पैशांची, तेव्हा मी मोबाईलमध्ये बघितलं. तो माझा हक्क आहे.

लाल गेलं होतं. मैदान, बिल्डिंग, गच्ची, माझी गोधडी. आणि मैदानाच्या मधोमध उडदाएवढं काहीतरी, कमरेवर हात ठेवून.

"हे काय आहे?"

"तू."

"मी? एवढीशी?"

"वरून तशीच दिसतात माणसं."

"माणसं दिसत असतील. खाली आणा ते."

आणलं थोडं.

"आणखी खाली."

"रंगू, डोक्यात पडेल."

"पडू दे. आणखी."

पदर उडायला लागला, कानात माश्यांचं मोहोळ उठलं. मोबाईलमध्ये मी काठापासून काठापर्यंत मावत नव्हते, मैदान दिसत नव्हतं, बिल्डिंग दिसत नव्हती.

"हां," मी म्हटलं. "आता बरोबर."

आणि हे हसत होते. दोन्ही हात अडकलेले.