आठ हूक आणि एक पाटी

माझा नवरा एल्सवर्थ पेटिफर्ड मूळचा शाळेचा उपमुख्याध्यापक, त्यामुळे निवृत्त झाला तरी कुणाचं ना कुणाचं काहीतरी सांभाळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आमच्या गल्लीत आठ घरं गोऱ्यांची आणि एक आमचं. आठही घरांच्या जादा चाव्या आमच्या स्वयंपाकघरात, दाराशेजारच्या हुकांवर टांगलेल्या. प्रत्येक हुकाखाली पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर त्याच्या मास्तरी अक्षरात नाव. कुणी समुद्रावर गेलं की मांजराला खाणं घालायचं, टपाल आत घ्यायचं, झाडांना पाणी द्यायचं. मी म्हणायचे, "तू या गल्लीचा फुकटचा रखवालदार आहेस." तो म्हणायचा, "अर्नेटा, माणूस घराची चावी देतो म्हणजे काय देतो, ते तुला कळत नाही."

आमची चावी मात्र कुणाकडेच नव्हती. कुणी मागितली नव्हती.

जूनमधल्या त्या दिवशी मी बहिणीकडे गेले होते. समोरची प्रिसिला व्हिटकॉम समुद्रावर गेली होती, म्हणून तिचं टपाल आत ठेवायला हा निघाला आणि मागे वाऱ्याने आमचं दार लागलं. चावी आत, हा बाहेर, आणि खिशात प्रिसिलाच्या घराची चावी. तिच्या घरात बसून मला फोन करायचा की नाही? पण नाही. स्वतःच्या कामासाठी दुसऱ्याचं घर वापरणं त्याला पटेना. म्हणून अडुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ घराच्या बाजूला जाऊन स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरला. रस्त्याने पळायला निघालेल्या कुठल्याशा बाईने ते पाहिलं आणि पोलिसांना फोन केला.

सार्जंट आला तेव्हा हा स्वयंपाकघरात पाणी पीत होता. लायसन्स दाखवलं, त्यावर हाच पत्ता. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण सार्जंटची नजर हुकांवर गेली.

"या चाव्या कुणाच्या, सर?"

"शेजाऱ्यांच्या."

"शेजाऱ्यांनी दिल्या? तुम्हाला?"

त्या 'तुम्हाला'वर एल्सवर्थचा आवाज चढला. चाळीस वर्षं पोरांवर चढवलेला आवाज तो, दोन अंगणं ओलांडून ऐकू जातो. "माझ्या घरात उभं राहून माझ्याशी असं बोलायचं नाही," तो म्हणाला. सार्जंटने त्याला आमच्याच पायरीवर, सर म्हणत म्हणत, बेड्या घातल्या. आरडाओरडा करून शांतताभंग केला, हा गुन्हा. चाव्या पुरावा म्हणून पिशवीत भरल्या.

मग पोलिसांनी आठही घरांना फोन केले. तुम्ही या माणसाला चावी दिली होती का, एवढंच विचारलं. पलीकडची डोरीन हॅलोरन म्हणाली, हरवली असेल कुठे तरी. कुणी म्हणालं, नवऱ्याला विचारून सांगते. प्रिसिला समुद्रावरून म्हणाली, तसं नक्की आठवत नाही. पोलिसाचा आवाज ऐकला आणि आठ घरांची स्मरणशक्ती एकदम गेली. हे सगळं अहवालात लिहिलं गेलं. थोड्या दिवसांनी आरोप मागे घेतला गेला आणि चाव्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या. आमच्याकडे उरल्या त्या हुकांखालच्या नुसत्या पट्ट्या.

त्यानंतर गावात जे सुरू झालं त्याला चर्चा म्हणायचं. वर्तमानपत्रात पत्रं, रेडिओवर भांडणं. डोरीनच्या हिरवळीवर पाटी लागली: 'आम्ही आमच्या पोलिसांसोबत.' प्रिसिलाच्या हिरवळीवर दुप्पट मोठी: 'आम्ही पेटिफर्डांसोबत.' समोर ही, बाजूला ती. सकाळी कॉफी घेऊन बाहेर यावं तर आधी कुणाकडे पाहावं हा प्रश्न. खरं सांगते, डोरीनची पाटी मला कमी टोचायची. ती निदान प्रिसिलासारखी खोटं बोलून वर आम्हाला फुलं तरी आणत नव्हती.

एल्सवर्थला माफी नको होती, नुकसानभरपाई नको होती. त्याला एकच वाक्य हवं होतं. कुणीतरी चारचौघांत उभं राहून म्हणावं, "हो, माझी चावी मी याला दिली होती." कारण अहवाल वाचणाऱ्याला वाटणार, या काळ्या माणसाने आठ घरांच्या चाव्या चोरल्या होत्या. "एकाने म्हटलं तरी पुरे," असं तो मला झोपताना सांगायचा.

सप्टेंबरमध्ये गावाची सभा झाली, त्याच्याच शाळेच्या सभागृहात. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग लाल दिवा. डोरीनने पोलिसांच्या बायकांची दुःखं सांगितली. एकाने स्वतःला रंग दिसतच नाही असं सांगितलं, आणि त्याची मला काळजी वाटली, कारण तो रोज गाडी चालवतो. मग प्रिसिला उठली. गुलामगिरीपासून सुरुवात केली ती आमच्या पायरीपर्यंत आली. मध्ये रडली. लाल दिवा लागला तरी कुणी तिला थांबवलं नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि एल्सवर्थ पहिल्या रांगेत मान पुढे काढून वाट पाहत होता. चावीबद्दल अवाक्षर नाही.

सभेनंतर बिस्किटांच्या टेबलापाशी त्याने तिला गाठलं. "प्रिसिला, छान बोललीस. पण ते चावीचं..."

तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "अरे, एवढ्या मोठ्या प्रश्नात तू चावीचं काय घेऊन बसलास?"

तो हसला. घरी आल्यावर त्याने हुकांखालच्या पट्ट्या नखाने खरवडून काढल्या. माझा नवरा त्या दिवसापासून गल्लीत कुणाचंही टपाल उचलेनासा झाला. मला मेलीला त्याचा आनंद झाला, आणि आनंद झाला याचं वाईटही वाटलं.

जानेवारीत प्रिसिला नेहमीसारखी फ्लोरिडाला गेली. कडाक्याची थंडी पडली होती. एका सकाळी तिचा फोन आला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, आणि यातलं गाढव कोण ते सांगायला नको.

"एल्सवर्थ, बरं झालं सापडलास. माझ्या घरात पाणी शिरलंय, मोबाइलवर सारखी सूचना येतेय. पाइप फुटला असणार. प्लंबर दुपारशिवाय येत नाही. जरा जाऊन मुख्य नळ बंद कर ना."

"माझ्याकडे चावी नाही."

"अरे हो, ती माझ्या पर्समध्ये आहे. मग मागच्या दाराची काच फोड आणि शीर आत."

एल्सवर्थने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, मलाही ऐकू यावं म्हणून. "मी? तुझ्या दाराची काच फोडू?"

"त्यात काय? तुला कोण ओळखत नाही? इतकी वर्षं माझी चावी तुझ्याकडेच तर होती. मीच नाही का दिली?"

ते वाक्य आलं. नळाच्या पाण्याबरोबर वाहत आलं. एल्सवर्थने डोळे मिटले. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की मी भांडी आपटत राहिले.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"मीच दिली रे. कितीदा सांगू? लवकर जा."

"जातो. लगेच जातो. आधी पोलिसांना बोलावतो, ते दारात उभे राहिले की हेच त्यांना फोनवर सांग. मग काच फोडतो."

तो फोनवर वाकला.

"प्रिसिला?"

"पोलीस कशाला त्यात? जूनमध्ये मी त्यांना काय सांगितलंय ते लिहून ठेवलंय त्यांनी. आता उगाच..."

"पाणी वाहतंय," तो म्हणाला. अगदी मृदू आवाजात म्हणाला, पोराला शेवटची संधी देताना बोलायचा तसं.

"राहू दे," ती म्हणाली. "येईल प्लंबर."

फोन बंद झाला. एल्सवर्थने दोन कप कॉफी ओतली, खिडकीशी दोन खुर्च्या ओढल्या आणि आम्ही बसलो. त्याला कोट घालून निघायला मी सांगितलं नाही, तोही निघाला नाही. दुपारपर्यंत पाणी तिच्या दाराखालून पायऱ्यांवर आलं, पायऱ्यांवरून हिरवळीवर, आणि वाटेत जिथे थांबलं तिथे गोठलं. 'आम्ही पेटिफर्डांसोबत' पाटीचे दोन्ही पाय त्या बर्फात रुतले. वसंत येईपर्यंत ती तिला उपटता आली नाही.