हरिताच्या दाढेवरची टोपी

मी एक इवलीशी स्टीलची टोपी आहे. डोक्यावर घालायची नाही हं मित्रांनो, दाढेवर! माझा जन्म कारखान्यातला, पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते तंजावरच्या दिव्यश्री डॉक्टरांकडे, सात वर्षांच्या हरिताच्या तोंडात.

हरिता गाणं शिकायला तिरुवैयारुला आत्याकडे जायची. गळा गोड राहावा म्हणून तिला न्यायला येणारी कमलाक्षीआत्या बसमध्येच तिच्या गालात खडीसाखरेचा खडा ठेवायची. गळा राहिला गोड, दाढ मात्र किडली! डॉक्टरांनी आधी दाढेत भरलेलं सिमेंट दोनदा निघालं.

"दुधाचीच दाढ ना? काढून टाका की," हरिताची अम्मा म्हणाली.

"नको. खालून येणाऱ्या दाढेची जागा तीच राखते," डॉक्टर म्हणाल्या. "खळगा लहान असता तर पुन्हा भरलं असतं. ही दोन बाजूंनी पोखरली आहे. हिला टोपीच हवी."

आणि मी ऐटीत बसले! वरच्या दाढेतल्या बारीकशा खळग्यात पांढरं फिलिंग आहे. ते दिसतसुद्धा नाही, तरी किती चोख काम करतं! मला त्याचं फार कौतुक वाटतं. मी मात्र चमकते. तिथेच घोटाळा झाला.

"अय्यो, चांदीची दाढ!" मामाचा प्रणवेश ओरडला.

झालं! हरिताने ओठ घट्ट मिटले. शुक्रवारी देवळात तिला पहिल्यांदा एकटीने गायचं होतं, आणि ही नुसती गुणगुणत होती.

"तोंडात भात आहे का गं? आ कर, आ! नाहीतर दुसरीला गायला बसवते," आत्या वैतागली.

हरिताचे डोळे भरले. तेवढ्यात तिच्यासोबत आलेला प्रणवेश पुन्हा खिदळला. त्याचे पुढचे दोन्ही दात गायब!

"तुझ्या तोंडाला तर खिडकी आहे रे!" हरिता म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसली. तोंड उघडलं ते उघडलंच.

शुक्रवारी देवळात तिने तोंड उघडून असा मोठ्ठा 'आ' लावला, की समईच्या उजेडात मी लखलखले. पुढे बसलेली अम्मा माझ्याकडेच बघत होती, अगदी कौतुकाने.

मित्रांनो, मी एकच दाढ सांभाळू शकते. बाकीच्या तुमच्या हातात आहेत. गोड खाल्लं की चूळ भरा, रात्री ब्रश करा, माझ्यासारखी टोपी असेल तर तिच्या कडेकडेनेही. एक दिवस ही दाढ पडेल, तिच्यासोबत मीही. तेव्हा खालून डोकावणारी नवी दाढ धडधाकट राहू द्या. तिला माझी गरज पडली नाही, तर मला आनंदच होईल.