फरशीवरची हाक

खुर्ची तपासणीच्या सपाट फरशीवर ठेवून त्याने तिच्या पाठीच्या दोन्ही टोकांवर तळवे टेकले आणि आधी एका कोपऱ्यावर, मग समोरच्या कोपऱ्यावर भार दिला. टक. टक. खुर्ची डुलत होती. कुठला पाय लांब राहिलाय ते त्याने वाकून पाहिलं, त्याच्यावर खडूने गोल काढला, सरळ उभा राहिला आणि छाती भरून ओरडला,

"लंगडी!"

"कापा तंगडी!" अख्ख्या कारखान्याने उत्तर दिलं. रंध्यावरचे दोघे, पॉलिशवाल्या बायका, बैठक विणणारे आजोबा आणि सगळ्यांच्या वरचढ करवतीवरच्या मामांचा आवाज. मामांनी करवत थांबवली. मधल्या रांगेतला एक जण येऊन खुर्ची घेऊन गेला. करवत पुन्हा सुरू झाली.

ही पद्धत मामांनीच पाडलेली. फरशी दाराजवळ, करवत पार दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये एवढा आवाज की शेजारच्याने दिलेली शिवीही धड पोचायची नाही. म्हणून खुर्ची तपासणाऱ्याने जागा सोडायची नाही, नुसती हाक द्यायची. हाकेला उत्तर मिळालं की समजायचं, निरोप पोचला. मामांना यमक जुळवायची हौस होती आणि ते एकदाच जुळलं होतं, त्यामुळे त्यांना त्याचं फार अप्रूप.

आता हाक देणाऱ्याचा स्वतःचाच उजवा पाय लहानपणापासून बारीक आणि आत वळलेला, बुटाचा एक तळ दुसऱ्यापेक्षा चार बोटं जाड, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती असं नाही. पण ती ध्यानात येऊन जुनी झाली होती. पायावरून त्याला कुणी टोपणनावसुद्धा ठेवलं नव्हतं. बारीकसाही दोष सोडत नाही म्हणून सगळे त्याला फौजदार म्हणत. माणसं चांगली होती. अडचण तीच होती.

याआधी तो कापडाच्या एका गोदामात होता. तिथे असलं काही कुणी बोलायचं नाही. तिथे त्याला बसायला मऊ उशी होती, "तू राहू दे, मी करतो" होतं, आणि तो आत आला की गप्पा जरा हळू व्हायच्या. त्याच्याशी भांडायलासुद्धा कुणी तयार नसे. वर्षभरात त्याला वाटायला लागलं की आपण माणूस नसून काचेचं भांडं आहोत. शेवटी त्याने ते काम सोडलं.

इथे मामा पहिल्याच दिवशी त्याच्यावर खेकसले होते, "बघत काय उभा राहिलास? धर ती फळी!" तेव्हा त्याला मनापासून आनंद झाला होता. पुढे फरशीवरचे जुने कारागीर लेकीकडे राहायला गेले आणि मालकीणबाईंनी त्याची नजर बघून ती जागा त्याला दिली. पहिली डुलणारी खुर्ची हाताखाली आली तेव्हा तो खडूचा गोल पुन्हा पुन्हा गिरवत राहिला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"अरे, हाक दे की!" मामा तिकडून ओरडले.

त्याने हाक दिली. उत्तर आलं, हशा पिकला आणि तोही हसला. जेवणाच्या सुट्टीत मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता खरा आमच्यातला झालास बघ."

त्या एका हसण्याने त्याने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. एकदा हसलेल्या माणसाने नंतर कुठल्या तोंडाने सांगायचं की मला लागतं म्हणून? वर पुन्हा ती हाक त्याचीच, त्याच्याच गळ्यातून निघालेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंडही त्याचं आणि बुक्क्याही त्याच्याच. आणि बोललं तर काय होईल, तेही त्याला ठाऊक होतं. मामा कानाला हात लावून माफी मागतील, बायका हळहळतील आणि दुसऱ्या दिवशी फरशीपाशी मऊ उशी येईल.

एकदा त्याने आडून प्रयत्न करून पाहिला होता. "डुलतेय!" असं ओरडला. करवत थांबली नाही. पुन्हा ओरडला.

"काय?" मामांनी करवत बंद करून विचारलं.

"डुलतेय म्हटलं."

"मग लंगडी म्हण ना सरळ! डुलतेय काय, नाटकात काम करतोस का?"

सगळे खळखळून हसले. तोही हसला. त्या हसण्याचा आता त्याला चांगला सराव झाला होता. ओठ आधी, आवाज मागून, आणि डोळे खाली खुर्चीकडे.

घरी गेल्यावर आई रोज ताट वाढता वाढता विचारायची, "कामावर कुणी काही बोलत नाही ना रे तुला?"

"नाही गं. माणसं सोन्यासारखी आहेत."

यात खोटं काहीच नव्हतं.

त्या दिवशी त्याची दाराकडे पाठ होती. खुर्ची डुलली, खडूचा गोल झाला आणि सवयीने हाक गेली, "लंगडी!"

"कापा..." म्हणून सगळे सुरू झाले आणि 'तंगडी' म्हणायला निम्मेच उरले. शेवटी एकट्या मामांचाच आवाज राहिला, कारण मामा लाकडाकडे बघत होते. पॉलिशवाल्या बायका दाराकडे बघत होत्या.

त्याने वळून पाहिलं. मालकीणबाईंच्या शेजारी पंचविशीची एक मुलगी उभी होती. काखेत कुबडी, गळ्यात मोजमापाची टेप. शिवणकाम करणारी ती. नेहमीच्या खुर्चीवर बसून तिचा पाय मशीनच्या पायट्याला नीट पोचत नसे, म्हणून तिने बेताच्या उंचीची खुर्ची खास करून घेतली होती आणि आज ती न्यायला आली होती.

ती हसली. ओठ आधी, आवाज मागून, आणि डोळे खाली.

हे हसणं त्याने आजवर फक्त आतून पाहिलं होतं.

"मजा चालते वाटतं इथे," ती म्हणाली.

"आमची जुनी थट्टा आहे," मालकीणबाई घाईघाईने म्हणाल्या. "फौजदार, यांची खुर्ची घे बरं फरशीवर."

तिची खुर्ची ठेंगणी होती, पाठ जरा पुढे घेतलेली. काम सुबक होतं. त्याने मनातल्या मनात नवस बोलावा तसं म्हटलं, ही तरी नीट निघू दे. तळवे टेकले, भार दिला.

टक. टक.

ते सगळ्यांनी ऐकलं. रंधे थांबले. मामांनी यावेळी मान वर केली होती आणि करवतीच्या बटणावर हात ठेवून ते हाकेची वाट बघत होते. मुलगी फरशीपासून हातभर अंतरावर उभी होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मुकाट्याने खुर्ची द्यावी, तर तिला रोज डुलत्या खुर्चीवर शिवावं लागणार.

त्याने पायावर गोल काढला. खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि चालायला लागला.

फरशीवरच्या माणसाने जागा सोडलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. मधल्या रांगेतला एक जण पुढे आला, त्याला त्याने मानेने नको म्हटलं. खुर्ची हातात असल्यामुळे नेहमीसारखा गुडघ्यावर हात टेकता येईना. प्रत्येक पावलाला तो एका अंगाला कलत होता, जाड तळ भुशात घासत होता, आणि कारखाना एवढा शांत होता की ते घासणं शेवटच्या माणसालाही ऐकू जावं. इतके महिने त्या हाकेच्या गोंगाटात त्याचं चालणं झाकलेलं होतं. आज सगळे तेच बघत होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आता मध्येच थांबताही येईना.

मामांसमोर त्याने खुर्ची ठेवली.

"हे काय? हाक का नाही दिलीस?" मामा म्हणाले. "घसा बसला का?"

हो म्हटलं असतं तर सुटला असता. मामांनी दार उघडूनच दिलं होतं.

"नाही. घसा बरा आहे."

"मग?"

"काय हाक देऊ, मामा? तुम्हीच सांगा."

मामांनी बोलायला तोंड उघडलं. शब्द ओठांवर आलाच होता, रोजचाच तो. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या खांद्यावरून पलीकडे दाराशी पाहिलं, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. मग मिटलं. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी खुर्ची उलटी केली आणि समोर खडूचा ठसठशीत गोल दिसत असूनही हळू आवाजात विचारलं,

"कुठला?"

"मागचा. उजवा."

मामांनी करवतीला हात लावला नाही. कानसच घेतली आणि पाय जपून घासत राहिले. तो शेजारी उभा राहिला. परत नेतानाही खुर्ची त्यानेच नेली. मुलगी बसली, पुढे वाकली, मागे रेलली. खुर्ची हलली नाही.

"छान झाली," ती म्हणाली. या वेळी हसली नाही. त्याच्या बुटाकडे तिने एकदा पाहिलं आणि मग सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

ती गेल्यावर पुढची खुर्ची फरशीवर आली. तीही डुलली. कुणी वर पाहिलं नाही. जो तो आपापल्या हातांकडे बघत राहिला, इतक्या मन लावून की त्याला गोदामातल्या गप्पा आठवल्या. त्याने खुर्ची उचलली आणि नेली. मग आणखी एक. संध्याकाळी पॉलिशवाल्या बायकांपैकी एकीने बसायचं स्टूल आणून फरशीजवळ ठेवलं आणि काही न बोलता निघून गेली. जाताना मामांनी पाठीवर मारायला हात उचलला होता, तो त्यांनी मध्येच स्वतःच्या मानेवरून फिरवला.

घरी आईने ताट वाढलं.

"कुणी काही बोललं नाही ना रे?"

"नाही," तो म्हणाला. "आज कुणीच काही बोललं नाही."

आई हातातला डाव तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. त्याने दाराशी काढलेला जाड तळाचा बूट उचलला, त्यात शिरलेला भुसा उंबऱ्याबाहेर झटकला, आणि सगळा भुसा पडून गेल्यावरही बराच वेळ तो झटकत बसला.