खिडकीतली बाटली

"आवं सर, उनात नगा घालू. रंग उडंल त्याचा," आकाराम म्हणाला.

"आता तू शिकवणार मला?" म्हणत लालासाहेब सरांनी हौदातून गाळलेलं हिरवं शेवाळ भर दुपारी पत्र्यावर पसरायला लावलं.

सांगलीच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे प्रमुख. दोन वर्षं परदेशात राहून आले, अक्कल बहुधा तिकडेच ठेवून आले. आकाराम प्रयोगशाळेतला शिपाई, मूळचा तासगावचा, बेदाण्याच्या शेडवर राबलेला. शेवाळ ढवळणं, धोतराच्या फडक्यातून गाळणं, सगळं तोच करी. मी डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे पगारी नंदीबैल.

शेवाळातलं केशरी द्रव्य तेलात उतरवायचं, ते डोळ्यांना गुणकारी, असा सरांचा प्रकल्प. उन्हात वाळवलेल्या शेवाळानं तेलाचा रंग जरासुद्धा बदलला नाही. प्रकल्प तपासणारी दिल्लीची समिती आठवड्यावर आली होती. सरांनी तेलवाल्याला शिव्या घातल्या.

आकारामानं रजा टाकली. ओलं शेवाळ तासगावला नेऊन बेदाण्यासारखं सावलीत, जाळीवर वाळवून आणलं. शेंगतेलात मुरवलं, तर तेल झक्क केशरी.

"ही माझी पद्धत," सर समितीला म्हणाले. मग आकारामाकडे वळून, "चहा आण रे." चोर तो चोर, वर शिरजोर! बढतीच्या आशेनं मीही मान डोलावली. मला माझीच किळस आली.

समिती गेल्यावर आकाराम हात बांधून उभा राहिला.

"सर, आमच्या मंडळीला दिस मावळला की कायबी दिसत न्हाई. ह्यातलं चार चमचं द्या की."

"हे संशोधन आहे. धर्मादाय दवाखाना नव्हे."

चोरून घेतलं असतं तर कुणाला कळलं नसतं. त्यानं मागितलं, हीच त्याची चूक. सरांनी एकदा नाही म्हटल्यावर त्या तेलाला त्यानं बोट लावलं नाही.

सरांनी बाटलीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी डकवली आणि ती खिडकीतल्या काचेच्या कपाटात मांडली. तिथं दिवसभर ऊन.

"सर, सावलीत..."

"पुन्हा शिकवतोस?"

दोन महिन्यांत तेलाचा केशरी रंग पार उडाला. सर अजून पाहुण्यांना तीच बाटली दाखवतात, "आमचं केशरी द्रव्य" म्हणून. पाहुणेही माना डोलावतात. सगळे एका माळेचे मणी, त्यात मीही.

आकाराम रोज ती बाटली पुसून चिठ्ठी पुढे येईल अशी नीट ठेवतो. पाच वाजले की मात्र क्षणभर थांबत नाही. दिवेलागणीआधी घर गाठायचं असतं. चूल आता तोच पेटवतो.