काळ्या पडद्यावरचं लग्न

राजाराम गेल्यावर सुंदराबाईंनी एकच हट्ट धरला, लेकाच्या, भिवाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट बघायची. तिच्यात त्यांचा नवरा चालता-बोलता होता. कॅसेटला बुरशी धरली होती, म्हणून त्यांच्या मुलीनं, गुणवंतीनं दादरच्या एका दुकानातून तिची सीडी करून आणली आणि अँटॉप हिलच्या आपल्या सरकारी क्वार्टरमधल्या कॉम्प्युटरवर घेतली.

लग्नातल्या बुद्धवंदनेचं त्रिसरण ऐकू आलं, पण पडदा काळाच.

कॅसेट तर दुकानातच तुटली होती. गुणवंतीच्या ऑफिसातलं कुणी म्हणालं, फाइलच्या नावाचं शेपूट बदल. तिनं ‘एव्हीआय’ खोडून ‘एमपीजी’ लिहिलं, तर फाइल उघडेचना. घाबरून तिनं नाव पुन्हा होतं तसं केलं.

सुंदराबाईंना मात्र काळ्या पडद्याचं काही वाटत नव्हतं. त्या रोज ऐकत बसायच्या. मध्येच राजारामचा आवाज यायचा, “मी जेवलो. तू बस पंगतीला.” संपानंतर गिरणी गेली, घरात कधी धड शिजलं नाही, पण लेकाच्या लग्नात माणूस पोटभर जेवला, असं त्या समाधानानं म्हणायच्या.

शेवटी गुणवंतीनं दुकानदाराला फोन केला. नाव म्हणजे डब्यावरची चिठ्ठी, ती बदलून आतलं बदलत नाही, असं त्यानं समजावलं. आत आवाज एका पद्धतीनं भरलेला असतो, चित्र दुसऱ्या. तुमच्या प्लेअरला चित्राची पद्धत कळत नाही, दुसरा प्लेअर टाका.

तिनं टाकला. परळच्या चाळीपुढचा मांडव दिसला. मागून आणलेला कोट घातलेला राजाराम म्हणाला, “मी जेवलो. तू बस पंगतीला.” पडद्यावरच्या सुंदराबाई वळून गेल्या. कॅमेरा त्याच्यावरच राहिला. तो पिंपाशी गेला, पेलाभर पाणी घटाघट प्याला, पुन्हा एक भरून प्याला. तोंड पुसलं आणि भाताचं घमेलं उचलून वाढायला निघाला.

गुणवंतीचा हात माउसकडे गेला. सुंदराबाईंनी मनगट धरलं. शेवटपर्यंत बघितलं, मग हळू म्हणाल्या, “भिवाला दाखवू नको. त्याचं लगीन होतं ते.”

रविवारी भिवा आला. फाइल खराब आहे, चित्र येत नाही, असं गुणवंतीनं सांगून जुन्या प्लेअरवर लावलं. दुकानदाराला शिव्या घालत तो बसला. बापाचा आवाज आला तसा त्याचा चेहरा उजळला.

“बघ आये, दादा जेवले म्हणतायत.”

“हं,” म्हणत सुंदराबाई आत गेल्या.